मावलीला वाहिलेला गुडघा

मी मावलीला फसवायला गेले होते. हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. घरातल्या नातवंडांना वाटतं की आजी फार धीट, कुणाला घाबरत नाही, तोंडाला येईल ते बोलते. त्यांना मी सांगते, बाळांनो, एक्कावन्नाव्या वर्षी तुमची आजी कसली शेळी होती ते तुम्ही पाहिलं नाहीत. दुखणं होतं एकीकडे आणि बाई देवळात जाऊन मेणाचा गुडघा वाहून आली.

आम्ही गावठाणातले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो आणि मेरीमातेला मावली. विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आमचं गावठाण, पण मावलीचं देऊळ दोन बस बदलून जायचं. तिथे दारात मेणाच्या वस्तूंच्या टपऱ्या असतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात घ्यायचा, डोळ्याचं असेल तर डोळा. मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर हवं असेल तर घर. ते मावलीसमोर ठेवायचं आणि मागायचं. सगळ्या धर्मांची माणसं येतात, सगळी तेच करतात. टपरीवाली फक्त एवढंच विचारते, ‘काय देऊ?’ या दोन शब्दांपाशीच माझी गाडी अडकली.

कारण मला जे होत होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता. पाळी जायचे दिवस होते, पण ती जाता जाता मध्येच परत यायची. दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसायचे. नवऱ्याजवळ गेल्यावरही दिसायचे. हो, एक्कावन्नाव्या वर्षी जात होते, हसायचं त्यांनी हसा. मी कपडे रात्रीच भिजत घालायचे, अंतोनला म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगायचे की पाठ धरली आहे. शेजारची एस्तेर म्हणायची, ‘जाताना असंच जातं गं ते, माझंही तसंच आहे.’ तिने असं म्हटलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पण आत कुणीतरी सारख्या फेऱ्या मारत असल्यासारखं व्हायचं. एक अंगण मी दिवसातून तीनदा झाडायचे. जपमाळेचा दहा मण्यांचा एकही फेरा धड मोजून होत नव्हता. कधी आठावर संपायचा, कधी तेरावर.

शेवटी एका शनिवारी मावलीकडे निघाले. मनात म्हटलं, जे काय आहे ते तिलाच सांगू. पण बसस्टॉपवर माझी नणंद रेजिना भेटली. ‘कुठं? देवळात? थांब, मी पण येते.’ रेजिना चांगली बाई, पण तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या प्रार्थनेला क्रुसाजवळ जमलेल्या सगळ्यांना कळलेली असायची. टपरीवालीने विचारलं, ‘काय देऊ?’ रेजिना माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. माझ्या तोंडून निघालं, ‘गुडघा.’

गुडघा तसा थोडा दुखतही होता, अगदीच खोटं नव्हतं. तो मी मावलीसमोर ठेवला आणि मनात म्हटलं, ‘मावली, तुला कळतंय ना मला काय म्हणायचंय?’ आणि खरं सांगते, पंधरा दिवसांत माझा गुडघा दुखायचा थांबला. दोन जिने धावत चढायला लागले. रक्त मात्र होतं तसंच राहिलं. आता हा चमत्कार होता की सकाळी लावायच्या तेलाचा गुण, मी वाद घालणार नाही. पण मला त्या दिवसांत असंच वाटलं की मावलीने माझा अर्ज वाचला आणि त्यात जे लिहिलं होतं तेवढंच मंजूर केलं.

पुढच्या महिन्यात तर संधी घरापर्यंत चालत आली, आणि तिचीही मी वाट लावली. नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या एक परिचारिकाबाई आमच्या फादरांना भेटल्या. गावठाणातल्या आमच्या देवळाच्या हॉलमध्ये बायकांची फुकट तपासणी ठेवायची होती. मी महिला मंडळाची सेक्रेटरी, तेव्हा मिस्सा म्हणजे रविवारची प्रार्थना संपल्यावर सूचना वाचायचं काम माझं. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘तीस वर्षांवरील महिलांसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी.’ मी माइकपाशी उभी राहिले. समोर पुरुष, पोरंटोरं, बाजूला फादर, वर क्रुसावर येशू. गर्भाशय हा शब्द माझ्या घशातून वर येईना. मी वाचलं, ‘महिलांसाठी मुखाच्या कॅन्सरची तपासणी.’

रविवारी अकरा बायका आल्या. सगळ्या चुळा भरून, दात घासून. मशेरी लावणाऱ्या दोघी तर लिंबाने हिरड्या चोळून आल्या होत्या, ओरडा बसू नये म्हणून. एस्तेरने खालची कवळी काढून रुमालात बांधून आणली होती. परिचारिकाबाईंनी पहिलीला पडद्यामागे नेलं आणि लुगडं सोडून झोपायला सांगितलं. ती बाई जी ओरडत बाहेर आली! ‘तोंड बघायला लुगडं कशाला सोडायचं?’ मग बाईंनी सगळ्यांना बसवून नीट समजावलं, एका कागदावर चित्रही काढून दाखवलं. पण लाज एकदा खोलीत शिरली की तिथे दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. एकेक करून सगळ्या उठल्या. एस्तेर कवळीसकट गेली. आणि सगळ्यांत आधी कोण पळालं असेल? सेक्रेटरीबाई. मला म्हणे चूल पेटती राहिल्याची आठवण झाली. घरात गॅस येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

तो किस्सा गावठाणात वर्षभर पुरला. माझं नाव ‘मुखबाई’ पडलं. मीही हसायचे. पण रात्री अंथरुणावर पडले की त्या बाईंचा चेहरा समोर यायचा. कुलूप लावायला मी परत गेले तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये त्या आपली हत्यारं परत डब्यात भरत होत्या आणि माझ्याकडे रागाने नाही, दमून बघत होत्या. त्या अकरा जणींच्या आणि त्यांच्या मधे माझी एक चिठ्ठी होती. ती मी अर्धी गिळली होती.

पाऊस संपता संपता रक्त वाढलं. वासही यायला लागला. आता पाठीचं निमित्त पुरेना. मी पुन्हा एका शनिवारी निघाले, यावेळी रेजिनाला चुकवून, मागच्या गल्लीने. ठरवलं होतं की यावेळी पोट घ्यायचं. गुडघ्यापेक्षा पोट जवळ पडतं, एवढं तर खरं बोलू. बघा माझी हुशारी, देवाशी बोलतानाही पत्ता पूर्ण सांगायची तयारी नव्हती. नाक्यापर्यंत सांगितलं की पुढचं त्याने शोधून काढावं.

टपरीवर गर्दी होती. मी मेणाचं पोट उचललं, हातात धरून पैसे काढत होते. तेवढ्यात शेजारी एक बाई आली. काळा बुरखा, तोंड उघडं, चाळिशीची असेल, गालाची हाडं वर आलेली. तिने टपरीवालीला, मी घरात मीठ मागते तशा आवाजात विचारलं, ‘गर्भाची पिशवी आहे का?’

टपरीवाली गोंधळली. ‘तसलं काय येत नाय बाई. पोट घ्या.’

‘पोट माझं झकास आहे. मला पिशवी पाहिजे. जे दुखतं तेच द्यायचं असतं ना?’

‘अहो, साचाच नाय त्याचा. सगळ्या बायका पोटच नेतात.’ मग ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, ‘आणि आता ते पण शेवटचं होतं, या मावशींनी घेतलं.’

ती बाई माझ्याकडे वळली. ‘मावशी, तुमचं पोटाचंच आहे ना?’

तिने साधं विचारलं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ती निघून गेली असती. पण ज्या शब्दासाठी मी चार महिने मेणाच्या वस्तू शोधत होते तो शब्द कुणीतरी भर रस्त्यात, उन्हात, फुलवाल्यांच्या आणि भाविकांच्या गर्दीत उच्चारला होता आणि काही झालं नव्हतं. आभाळ जागच्या जागी होतं. मी पोट तिच्यापुढे धरलं. ‘घे तू. माझंही पोटाचं नाहीये.’

‘मग कशाचं?’

मी हातातल्या मेणाकडे बघायला लागले. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा आवाज एकदम खाली आला. ‘खालून जातंय?’

मी मान हलवली. आणि तिथेच, टपरीच्या दांडीला धरून, मला रडू फुटलं. टपरीवाली म्हणाली, ‘अहो, मेण वितळेल तुमच्या हातात, खाली तरी ठेवा.’

तिचं नाव नसीमा. मूळची कोकणातली, राहायला गोवंडीला. पोट तिने परत टपरीवर ठेवलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, ‘चला. आज शनिवार आहे, बाराला हॉस्पिटलची खिडकी बंद होते. मला पण तिथंच जायचंय.’ मी म्हटलं, अगं, आधी मावलीला तरी भेटून येऊ दे. ती म्हणाली, ‘भेटलात की. आता अजून काय पाहिजे?’ ती चिडकी होती, हे सांगितलं पाहिजे. कुणी देवदूत वगैरे म्हटलेलं तिला आवडलं नसतं. रिक्षात तिने पूर्ण वाटभर मला झापलं.

आणि मधेमधे स्वतःचं सांगितलं. त्यांच्या वस्तीत तपासणीची गाडी आली होती तीन वर्षांपूर्वी, पण नेमकी शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी, सगळे पुरुष गल्लीत असताना. पडदा म्हणून एक चादर बांधलेली, आत तपासायला पुरुष डॉक्टर. बायका दारापर्यंत जाऊन परत फिरल्या, तीही फिरली. मग एकदा ती आपणहून एका दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं, मुलं किती, सात की आठ, आणि रांगेतले लोक हसले. तिला दोनच मुलं. ती कागद न घेताच निघून आली. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा तिला उचलून न्यावं लागलं. ‘तुमच्याकडे काय झालेलं?’ तिने मला विचारलं. ‘तुमच्याकडे तर देवळातच आलेले म्हणता. बाई होती, पडदा होता. मग?’

मग काय? मी तिला चिठ्ठीचं सांगितलं. चुळा भरलेल्या अकरा बायकांचं, कवळीचं. ती इतकी हसली की रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. मग हसता हसता पोट धरून वाकली. मला वाटलं, अजून हसतेच आहे. ती हसत नव्हती.

हॉस्पिटलात तिने माझा नंबर लावला, खिडकीवर माझ्या वतीने भांडली, आतल्या बाईंना सांगितलं की ही माझी मावशी, फार लाजरी आहे, सांभाळून घ्या. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं. टेबलावर पाय वर करून पडले, डोळे घट्ट मिटले, ‘नमो मारिये’ सुरू केलं. बाई म्हणाल्या, ‘आजी, आता थोडं व्हिनेगर लावतेय, किंचित चुणचुणेल.’

मी डोळे उघडले. ‘व्हिनेगर? माझं काय इंदाल करताय का?’

आमच्याकडे नाताळला डुकराचं मटण व्हिनेगर घालून करतात, त्याला इंदाल म्हणतात. हे त्यांना समजावून सांगावं लागलं आणि त्या हातात बोळा धरून हसत उभ्या राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की खराब झालेली जागा व्हिनेगरने पांढरी दिसते, एवढंच. इतकीच ती तपासणी. जिच्या भीतीने मी न पेटलेल्या चुलीकडे पळत सुटले होते ती संपायला आमच्याकडे भाताची पेज गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पण बाईंचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. तुकडा काढून तपासायला पाठवला.

ते दहा दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. अंतोनला त्या रात्री सगळं सांगितलं.  तो म्हणाला, ‘मावलीला निदान गुडघा तरी सांगितलास. मला तर तू पाठ सांगितलीस.’ त्याचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून जास्त लागला. त्या दिवसांत मी प्रार्थना केली नाही. प्रयत्न करायचे, पण ‘मला बरं कर’ म्हणायला तोंड उघडलं की आधीची सगळी खोटी बोलणी दारात येऊन उभी राहायची. शेवटी एका पहाटे अंगण झाडता झाडता थांबले आणि मोठ्याने म्हटलं, ‘मावली, माझ्या गर्भाशयाच्या मुखाला कॅन्सर झाला असेल. मला भीती वाटते. मला अजून मरायचं नाही.’ झाडू तसाच हातात होता. पलीकडच्या ओट्यावर एस्तेर दात घासत होती, तिने ऐकलं. मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आतल्या फेऱ्या थांबल्या होत्या. मागणं पूर्ण होईल असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी थांबल्या होत्या.

कॅन्सरच निघाला, पण अगदी सुरुवातीचा. पिशवी काढून टाकली, बाकी काही लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून वर्षभर थांबला असतात तर गोष्ट वेगळी होती. ती वेगळी गोष्ट मी पाहत होते. नसीमाचं ऑपरेशन करण्याची वेळ निघून गेली होती. तिला किरणांचा शेक देत होते, मशीनखाली झोपवून, आठवड्यातले पाच दिवस. आम्ही दोघी एकाच वाटेवरून चाललो होतो. मी शरमेने थांबले आणि तरी वाचले, तिला इतरांनी परत फिरवलं आणि तिची वाट मात्र संपत आली. याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. देवाला विचारते. तो गप्प असतो. मी विचारत राहते.

लोक म्हणतात, शरण जा. मीही म्हणत होते. मला वाटायचं की शरण जाणं म्हणजे डोळे मिटून हात जोडणं आणि बाकी त्याच्यावर सोडणं. आता वाटतं, आधी जे आहे ते नाव घेऊन त्याच्या हातात द्यावं लागतं. मी मुठीत लपवलेलं तो तरी कुठून घेणार?

आता मी त्रेसष्ट वर्षांची आहे. मिस्सेनंतर सूचना अजून मीच वाचते, आणि पूर्ण चिठ्ठी वाचते. पहिल्या वेळी फादर इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं. एस्तेरला मीच हाताला धरून नेलं. तिचं सगळं चांगलं निघालं, आणि परतीच्या वाटेवर तिने मला यथेच्छ शिव्या घातल्या. तिच्यानंतर रेजिनाला नेलं, आणि रेजिनाला नेल्यावर पूर्ण गावठाणाला वेगळं सांगायची गरज उरली नाही. शनिवारी देवळात गेले की मी टपरीपाशी थोडी रेंगाळते. पोट घेणाऱ्या बायकांकडे बघते. कुणाचा हात जरा जास्त वेळ पोटावर थांबला की मी विचारते, ‘बाय, पोटाचंच आहे ना?’ काही जणी माझ्यावर खेकसतात. एखादी गप्प होते.

पण हे सगळं मला आपसूक सुचलं असं कुणाला वाटू नये. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मी घरातल्या मेणबत्त्या वितळवून एक पिशवी घडवली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकार काढून दिला होता, पेरू उलटा धरल्यासारखा. पहिल्या दोन बिघडल्या, तिसरी बरी जमली. ती मावलीसमोर ठेवली, माझ्यासाठी आणि नसीमासाठी मिळून एकच. मग तशीच अजून एक घेऊन तिच्या वॉर्डात गेले. ती फार बारीक झाली होती. त्यानंतर ती जेमतेम सव्वा वर्ष होती. मेणाची पिशवी तिने हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, हा पेरू कुणी चावला म्हणून मला विचारलं, आणि उशाशी ठेवली. मी तिचा हात धरला. म्हटलं, तू त्या दिवशी बोलली नसतीस तर मी आज नसते, तुझे उपकार मी कसे फेडू? मला रडू येत होतं. तिने हात सोडवून घेतला आणि त्याच चिडक्या आवाजात म्हणाली:

‘मावशी, रडून मला दमवू नका ना. ती तुमची कवळीवाली एस्तेर अजून गेलेली नाय तपासायला, ठाऊक आहे मला. सोमवारी तिला घेऊन या. आणि काय पण होऊ दे, तिला गुडघा घेऊ देऊ नका.’